चाक एकदा उघडलं, मजुरी चारदा: बडोद्याच्या मोटार डीलर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
बडोदा शहरातल्या अधिकृत मोटार डीलरशिपचे मालक आणि वर्कशॉप मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी दांडिया बझारात वाढलेला आणि आता मांजलपूरला राहणारा निवृत्त माणूस. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात 31 वर्षं एस्टिमेटर होतो. एस्टिमेटर म्हणजे काय हे मला घरच्यांनाही कधी धड सांगता आलं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. गिऱ्हाईक ड्रॉइंग घेऊन येतं, हा भाग बनवायला किती पडतील विचारतं. आपण माल, वेळ, मशीनचा ताशी दर आणि नफा धरून कागदावर आकडा लिहून द्यायचा. आकडा जास्त झाला तर ऑर्डर समोरच्या शेडमध्ये जाते, कमी झाला तर महिनाअखेरीला मालक केबिनमध्ये बोलावतो. या नोकरीने एक खोड लावली. दुसऱ्याचं एस्टिमेट हातात आलं की मी बेरीज शेवटी बघतो, आधी ओळी वाचतो.

गेल्या दिवाळीच्या आधी तुमच्यापैकी एकाकडे गाडी नेली होती. नाव लिहीत नाही, कारण त्यानंतर चार मित्रांची एस्टिमेटं मागवून पाहिली आणि ती चार वेगळ्या दुकानांची असूनही भावंडं शोभावीत अशी होती.

माझी गाडी 2019 सालची, लहान, पेट्रोलवरची. तेव्हा 61,000 किलोमीटर झाले होते. सर्व्हिस करायचीच होती, शिवाय स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून खाली साइडला ‘टक्’ असा आवाज यायचा. (खाली साइड म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडची. हा मिस्त्री लोकांचा शब्द आहे आणि त्याच्याइतका सोयीचा दुसरा मला माहीत नाही.) सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे पंचविशीतला मुलगा, अदबशीर, हातात टॅब. त्याने गाडीभोवती फेरी मारली, मला एसीत बसवलं, चहा पाजला. चहा संपायच्या आत फोनवर एस्टिमेट आलं, 34,040 रुपये.

ओळी वाचल्या. नेहमीची सर्व्हिस, तेल-फिल्टर धरून 5,400 आणि मजुरी 2,200. लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) दोन, 5,300, मजुरी 1,900. लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या पट्टीच्या जोडसळया) दोन, 1,780, मजुरी 1,100. पुढचे ब्रेक पॅड 2,940, मजुरी 850. डिस्क टर्निंग, म्हणजे ब्रेकची चकती तासून सपाट करणं, 1,600. व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,400. मग थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी ट्रीटमेंट आणि गाडीच्या पोटाला कोटिंग, ही पाच मिळून 8,930. आणि शेवटी ‘कन्झ्युमेबल्स’ नावाचे 640, ज्यात काय आहे ते त्या मुलालाही सांगता आलं नाही.

मी म्हटलं, गाडी रॅम्पवर घे आणि मला दाखव. त्याचा चेहरा पडला. ग्राहकांना आत सोडत नाहीत, इन्शुरन्सचा प्रश्न येतो, वगैरे. पण पांढऱ्या केसांचा थोडा उपयोग होतो. आत गेलो.

ब्रेक पॅडसमोर टॅबवर लाल खूण होती. लाल का, विचारलं. “अंकल, सेफ्टीनो सवाल छे.” मी म्हटलं, “तो माप बताव, भाई.” माप कुणी घेतलंच नव्हतं. किलोमीटर बघून खूण केली होती. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, असतो. नोकरी सुटली तरी ती सवय सुटली नाही, बायको त्याला माझं मंगळसूत्र म्हणते. पॅडची मागची लोखंडी पट्टी सोडून नुसत्या झिजणाऱ्या मसाल्याची जाडी मोजली, सर्वांत झिजलेल्या जागी 6.2 मिलिमीटर. मग पार्ट्स काउंटरवर जाऊन नव्या पॅडचा डबा उघडून दाखवायची विनंती केली. तो 10.1 निघाला. माझे पॅड 35,000 किलोमीटरला बदललेले, म्हणजे 26,000 किलोमीटरमध्ये 3.9 मिलिमीटर गेले. दोन मिलिमीटरच्या आसपास आले की बदलायचे असतात. अजून 4.2 शिल्लक. त्याच चालीने चाललो तर 28,000 किलोमीटर. अगदी घाबरून तीन मिलिमीटरलाच बदलायचे ठरवले तरी 21,000. हे गणित आठवीच्या मुलाचं आहे. तुमच्या दोन लाखांच्या स्कॅनरने ते केलं नाही, कारण त्याला कुणी ते विचारलं नव्हतं.

डिस्क टर्निंगचंही तसंच. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत नव्हतं, पेडल पायाखाली धडधडत नव्हतं, डिस्कवर बोट फिरवलं तर चर जाणवत नव्हती. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली ती वापरायची नाही. टर्निंग म्हणजे ती जाडी पैसे देऊन कमी करून घेणं. गरज असेल तर करावं. इथे गरज कुणी तपासलीच नव्हती.

आणि तो ‘टक्’? रॅम्पवर असलेला मिस्त्री, साधारण पन्नाशीचा, इतका वेळ काही बोलला नव्हता. त्याने पहार घेतली, खाली साइडच्या लिंक रॉडपाशी लावून एक हिसका दिला. टक्. पुन्हा दिला. टक्. मग लोअर आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, पहार घालून हलवली. रबर थोडं दबलं, आवाज नाही. “आ हजी चालशे,” हे अजून चालेल, असं तो म्हणाला, आणि अ‍ॅडव्हायझरकडे बघून गप्प झाला. सबंध निदान दीड मिनिटात झालं होतं. त्या दीड मिनिटाचे पैसे तुम्ही मागितले असते तर मी आनंदाने दिले असते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

सुट्या भागाची किंमत मला तपासता येते. डब्यावर एमआरपी छापलेली असते, कर धरून. पार्ट नंबर असतो. दिल्लीत तीच, बडोद्यात तीच. मजुरी मात्र तपासता येत नाही. लिंक रॉडचे 1,100 हे किती तासांचे, कोणत्या ताशी दराने, हे तुमच्या बिलावर कुठेच नसतं. पण ते आकाशातून पडलेलं नाही. प्रत्येक कामाला किती वेळ धरायचा याचा तक्ता कंपनी तुम्हाला देते, आणि वॉरंटीत केलेल्या कामाचे पैसे कंपनीकडून तुम्हाला त्याच ठरावीक वेळेच्या हिशोबाने मिळतात. म्हणजे हिशोब अस्तित्वात आहे, तो फक्त मला दाखवला जात नाही.

आणि तो न दाखवल्याने काय होतं ते बघा. माझ्या एस्टिमेटमध्ये लोअर आर्म, लिंक रॉड, पॅड, डिस्क अशी चार कामं. चारही पुढच्या चाकांपाशी. चारहींसाठी गाडी उचलायची, नट सैल करायचे, चाक काढायचं आणि शेवटी परत बसवायचं. पॅड बदलताना कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडलेलाच असतो, डिस्कसाठी तोच कॅलिपर पुन्हा उघडायचा नसतो. तरी मजुरी चार स्वतंत्र ओळींत, 1,900 अधिक 1,100 अधिक 850 अधिक 1,600. एकूण 5,450. प्रत्येक ओळीत गाडी उचलण्याचे आणि चाक काढण्याचे पैसे आहेत की एकदाच आहेत? मी विचारलं. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, “सिस्टिममधून येतं.”

आमच्या शेडमध्ये याला सेटिंग म्हणत. लेथवर जॉब चकमध्ये बांधायचा, सेंटर बघायचं, टूल लावायचं, यात वेळ जातो आणि त्याचे पैसे लावावेच लागतात. पण जॉब एकदा बांधला की फेसिंग करा, टर्निंग करा, भोक पाडा, सेटिंग एकच. माझ्या पहिल्या वर्षात मी एका फ्लँजच्या एस्टिमेटमध्ये सेटिंग तीनदा लावलं होतं. गिऱ्हाईक होता एक म्हातारा पटेल. त्याने कागद वाचला, माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “बेटा, जॉब त्रण वार बांधवानो छे?” मी लाजेने पाणी पाणी झालो. त्या प्रश्नाला ‘सिस्टिममधून येतं’ असं उत्तर असू शकतं हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी म्हाताऱ्याने ऑर्डर नेलीच असती.

तुमचा ताशी दर जास्त आहे अशी माझी तक्रार नाही, हे इथेच स्पष्ट करतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यापेक्षा तो जास्त असणारच. जागेचं भाडं, लिफ्ट, अलाइनमेंटचं मशीन, स्कॅनर, कंपनीचं ट्रेनिंग घेतलेली माणसं, एसी, तो चहासुद्धा. मशीन अवर रेट मी आयुष्यभर काढलाय, त्यात काय काय चढतं ते मला पाठ आहे. नव्या गाडीच्या विक्रीत तुमच्या हाती फारसं उरत नाही आणि दुकान वर्कशॉपवर चालतं, हेही ऐकून आहे. एअरबॅग, एबीएस किंवा सॉफ्टवेअरचं काम असेल तर मी प्रतापनगरच्या मिस्त्रीकडे जाणार नाही, तुमच्याकडेच येईन. दर लावा. फक्त तास दाखवा.

सुट्या भागांबद्दलही दोन गोष्टी आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. त्याआधी बऱ्याच भागांवर तो 28 होता. साधं उदाहरण घ्या. जुना कर धरून ज्याची एमआरपी 1,280 होती, त्याची मूळ किंमत 1,000, म्हणजे आता ती 1,180 व्हायला हवी. मी काउंटरवर बघितलेल्या त्या पॅडच्या डब्यावर जुनाच छापील आकडा होता आणि एस्टिमेटमध्येही तोच. दाखवल्यावर “बिल बनते समय कम हो जाएगा” असं सांगितलं. होईलही. पण ज्या ग्राहकाने डबा पाहिला नाही त्याचं काय?

दुसरी गोष्ट जुनी आहे, तरुण मंडळींना ठाऊक नसेल. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्यायची नाहीत आणि मग आपल्या वर्कशॉपमध्ये हवी ती किंमत लावायची. भागांवरची चढी रक्कम शंभर टक्क्यांपासून काही ठिकाणी 5,000 टक्क्यांपर्यंत गेल्याचं त्यात नोंदलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचं काय व्हायचं ते होवो. मला त्यातल्या दोन आदेशांशी मतलब आहे. सुट्या भागांच्या किमती आणि देखभालीचा खर्च लोकांना उघड बघता यावा, हा एक. आणि बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, हा दुसरा. बाहेरच्या कामामुळेच काही बिघडलं तर त्या बिघाडापुरती वॉरंटी नाकारणं वेगळं. माझ्या एका मित्राला बाहेरून बॅटरी बदलली म्हणून ‘आता पूर्ण वॉरंटी गेली’ असं तोंडी सांगण्यात आलं. त्याने हेच लिहून मागितलं, तेव्हा वॉरंटी परत आली.

वर जी पाच कामं म्हणालो, 8,930 रुपयांची, त्यांवर फार लिहीत नाही. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत देखभालीचं कोष्टक आहे, त्यात 60,000 किलोमीटरच्या रकान्यात यांतलं एकही नाही. इंजिन अडखळत असेल तर थ्रॉटल साफ करा, एसीला वास येत असेल तर ट्रीटमेंट करा. माझं इंजिन अडखळत नव्हतं, एसीला वास नव्हता. पोटाचं कोटिंग गाडी घेतली तेव्हाच करून घेतलंय, आणि बडोद्यात विश्वामित्री नदीत मगरी असतील पण गंज चढवणारा खारा वारा नाही. जाताना त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, या ओळींचं टार्गेट असतं ना रे? तो हसला आणि म्हणाला, “अंकल, महिनो पूरो करवानो होय.” त्याच्यावर माझा राग नाही. राग असलाच तर तो आकडा त्याच्या डोक्यावर ठेवणाऱ्यावर आहे, म्हणून पत्र तुम्हाला लिहितोय.

मगरींवरून आठवलं. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनींची गाडी अकोट्याला भावाच्या घराखाली सीटपर्यंत बुडाली. त्यांनी शहाणपणा केला, चावी फिरवली नाही. पाणी गेलेलं इंजिन सुरू केलं की पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमावाला तो खर्च टाळतो. गाडी टो करून एका डीलरकडे गेली. तिथे पहिला प्रश्न काय आला? गाडीत पाणी कुठपर्यंत होतं, हा नाही. “क्लेम करायचाय की कॅश?” वहिनींनी भोळेपणाने दोन्हींचे आकडे विचारले. कॅशने 2,10,000, क्लेमने 3,36,000. गाडी तीच, पाणी तेच.

विमा कंपनी भरणार मग आपलं काय जातं, असं बरेच जण म्हणतात. जातं. प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर साध्या पॉलिसीत 50 टक्के घसारा कापतात, तो ग्राहकाच्या खिशातून. म्हणजे फुगवलेल्या आकड्याचा मोठा हिस्सा आपणच भरतो. शिवाय दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. वहिनींच्या गाडीची ठरलेली किंमत 4,20,000, तिचे 75 टक्के 3,15,000. कॅशच्या आकड्याने गाडी दुरुस्त होण्यासारखी होती, क्लेमच्या आकड्याने ती भंगारात गेली. सहा वर्षं जपलेली गाडी गेली त्याला नदी कारण की ती बेरीज, हे वहिनी अजून विचारतात. नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेअर होता की, असं तुम्ही म्हणाल. त्या आठवड्यात बडोद्यात एकेका सर्व्हेअरमागे किती गाड्या उभ्या होत्या ते तुम्हीही पाहिलंय.

आता माझी एक कबुली. मी त्या दिवशी सर्व्हिस आणि लिंक रॉड एवढंच करून घेतलं, 10,480 रुपये झाले, आवाज गेला. विजयी मुद्रेने घरी आलो, आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो. आठ महिने झाले. गेल्या पंधरवड्यात पुन्हा आवाज, या वेळी जरा जाड, ‘धप्’ असा. खाली साइडच्या लोअर आर्मचं बुश फाटलंय. म्हणजे त्या मुलाची ती ओळ अगदीच हवेतली नव्हती, घाईची होती. त्याने तेव्हा ‘आत्ता चालेल, सहा-आठ महिन्यांत बघावं लागेल’ असं लिहिलं असतं तर मी त्याला मानलं असतं. तुमच्या टॅबवर लाल आणि हिरवा असे दोनच रंग मला दिसले. लिंक रॉडही लाल, पॅडही लाल, आर्मही लाल. खरं लाल त्यातलं एकच होतं.

तर मागणं असं आहे. रिसेप्शनच्या भिंतीवर, जिथे आता नव्या गाडीच्या हप्त्यांची जाहिरात आहे, तिथे तुमचा ताशी दर आणि नेहमीच्या तीस-चाळीस कामांचे तास लावा. रेशनच्या दुकानात भावफलक लागतो, तुम्हाला काय अवघड? गुजरातीत लावा, हिंदीत लावा. मराठीतही लावलात तर दांडिया बझारातून पेढे पाठवीन. एकाच ठिकाणी तीन-चार कामं असतील तर उघडण्या-बसवण्याचा वेळ एकदाच धरा आणि तो एकदाच धरलाय हे बिलात दिसू द्या. ‘बदला’ लिहाल तिथे शेजारी माप लिहा: पॅडची जाडी, टायरच्या खाचांची खोली, बॅटरीचा व्होल्टेज. क्लेम असो वा कॅश, आकडा एकच ठेवा. आणि काढलेला जुना भाग न मागता पिशवीत घालून डिकीत ठेवा. मागितल्यावर ‘स्क्रॅपमध्ये गेला’ हे उत्तर मी आजवर तीनदा ऐकलंय, तेही काम संपून अर्धा तास झालेला नसताना.

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मला पाठ आहे, पण तो फिरवायची इच्छा नाही. मला भांडण नको, गाडी दुरुस्त करून हवी आहे.

या 14 तारखेला सकाळी साडेनऊला गाडी घेऊन येतोय, त्याच दुकानात. खाली साइडचा लोअर आर्म बदलायचा आहे, एकच, आणि त्यानंतर अलाइनमेंट. ते लागतंच, त्याबद्दल वाद नाही. चाक उघडेल तेव्हा पॅड पुन्हा मोजीन. माझ्या हिशोबाने 5.1 च्या आसपास भरायला हवेत. शक्य असेल तर तोच पन्नाशीचा मिस्त्री द्या.

आपला,
एक जुना एस्टिमेटर
मांजलपूर, बडोदा